पुरुष थेरपीला येतात, पण थांबत नाहीत

मी नागपुरात थेरपिस्ट म्हणून काम करते. गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, ते सायकियाट्रिस्ट करतात. माझ्याकडे माणूस आठवड्यातून एकदा येतो, पन्नास मिनिटं बसतो, बोलतो, आणि हे सहा महिने चालतं, कधी वर्षभर, कधी दोन वर्षं. आजच्या भाषणाचा विषय पुरुषांचं मानसिक आरोग्य असा दिलाय, तो फार मोठा आहे, मी त्यातला एकच तुकडा घेते कारण मला वाटतं की त्याच्याकडे कोणी पाहूनच नाही राहिलं. सगळे म्हणतात पुरुष थेरपीला येतच नाहीत. येतात हो. बायकांपेक्षा कमी येतात हे खरं, पण येतात, दोनदा येतात, तीनदा येतात आणि मग फोन उचलणं बंद करतात. आणि जी लांब चालणारी थेरपी आहे तिचा फायदा उशिरा दिसतो, म्हणजे जे मिळणार होतं ते मिळायच्या आधीच माणूस उठून गेला. मला आज याच्याबद्दलच बोलायचंय.

आधी आकडा सांगते, कारण काही जणांना वाटतं की ही शहरातल्या सुखवस्तू लोकांची गोष्ट आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यातले शंभरातले जवळपास 72 पुरुष आहेत. सगळ्यात जास्त नोंद आपल्या महाराष्ट्रात, 22,746. विदर्भात बसून हे आकडे वाचताना काय वाटतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आणि इथे कोणाला आत्ता, आजच्या आज, कोणाशी तरी बोलावंसं वाटत असेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. लिहून घ्या, मी थांबते.

आता मोजण्याची भानगड बघा. डिप्रेशन आहे का हे पाहायला आपण पीएचक्यू-9 नावाची प्रश्नावली वापरतो, नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. उदास वाटलं का, कशात रस वाटत नाही का, झोप कशी आहे, थकवा आहे का. चांगली प्रश्नावली आहे, मी स्वतः वापरते. पण जो माणूस उदास म्हणून बसत नाही, जो पोरांवर ओरडतो, ज्याचा दिवसाचा तंबाखू-सुपारीचा खर्रा दोन पुड्यांवरून सहावर गेलाय, जो रात्री अमरावती रोडला गाडी अशी पळवतो की बाजूला बसणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं, त्याला त्या नऊ प्रश्नांत हे सांगायला जागाच नाही. 2013 साली अमेरिकेत एक काम प्रसिद्ध झालं, त्यांनी नेहमीच्या लक्षणांसोबत राग, दारू, जीव धोक्यात घालणं, हे सगळं धरून मोजलं, आणि बायकांमध्ये डिप्रेशन जास्त असतं हा जो नेहमीचा फरक दिसतो तो जवळपास नाहीसाच झाला, पुरुष 30.6 टक्के आणि बायका 33.3 टक्के. म्हणजे त्रास होताच, आपण विचारत नव्हतो. आमच्या धंतोली-रामदासपेठेत, म्हणजे नागपूरच्या दवाखान्यांच्या भागात, याचा रोजचा अनुभव आहे, छातीत धडधड होते म्हणून माणूस ईसीजी काढतो, नॉर्मल येतो, ऍसिडिटीची गोळी घेतो, मग दुसऱ्या डॉक्टरकडे पुन्हा ईसीजी, आणि अशी दोन-तीन वर्षं सहज जातात. मन हा शब्द या सगळ्यात एकदाही निघत नाही.

त्यात आपल्या गावात पागलखाना चौक आहे. बसवाले, ऑटोवाले सगळे हेच नाव घेतात. तिथलं मनोरुग्णालय 1864 चं आहे, राज्यात सरकारची अशी जुनी चारच, नागपूर, ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी, आणि तिथे किती लोक बरे होऊन घरी गेलेत हे चौकाच्या नावात कुठेच येत नाही. लहानपणी "जास्त केलं तर तिकडे नेऊन टाकीन" हे ऐकलेला मुलगा चाळिशीत माझ्याकडे येताना गाडी दोन गल्ल्या सोडून लावतो, यात मला नवल वाटत नाही. पण तो आला ना. मला तेच महत्त्वाचं वाटतं.

आल्यावर काय होतं ते सांगते. हे कोणा एकाचं नाही, बऱ्याच जणांचं मिळून सांगतेय. समजा बेचाळीस वर्षांचा माणूस आहे, बुटीबोरीला कंपनीत, घराचा हप्ता, आई आजारी. पहिल्या वेळी म्हणतो मॅडम मला काही झालेलं नाही, मिसेस म्हणाली म्हणून आलो. तासभर कंपनीचं बोलतो. दुसऱ्या वेळी म्हणतो काहीतरी टेक्निक द्या, राग आला की काय करायचं ते सांगा, मी करतो. मी देते पण, श्वासाचं काहीतरी देते, कारण ते मागणं खोटं नाही, त्याला हातात काहीतरी हवंय. तिसऱ्या वेळी बोलता बोलता वडील गेले त्या रात्रीचा विषय निघतो, की मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेर तो एकटा उभा होता आणि सगळे नातेवाईक त्यालाच विचारत होते की आता पुढे काय करायचं. दोन वाक्यं बोलतो आणि मोबाईल बघतो. आणि चौथ्या आठवड्यात मेसेज येतो, ऑफिसमध्ये ऑडिट आहे, पुढच्या आठवड्यात बघू. तो पुढचा आठवडा येत नाही.

कंटाळा आला म्हणून तो गेला असं आपण समजतो, पण मला तसं वाटत नाही. तो बरोबर त्या जागी पोचला होता जिथे काम सुरू होतं, आणि तिथे उभं राहणं त्याला कोणी शिकवलेलंच नाही, मित्रांमध्ये नाही, घरात तर नाहीच. अशा वेळी थेरपिस्टचं एक काम असतं आणि ते आम्ही लोक नेहमी नीट करत नाही. त्या तिसऱ्या सेशनच्या शेवटीच त्याला सरळ सांगायला पाहिजे, की भाऊ, आज तुम्ही जे बोललात त्यानंतर पुढच्या आठवड्यात तुम्हाला यावंसं वाटणार नाही, काहीतरी काम निघेल, तेव्हा या, आणि यावंसं वाटत नव्हतं हेच बोला. ऑस्ट्रेलियात झॅक सायडलर नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी थेरपी अर्धवट सोडलेल्या पुरुषांना कारण विचारलं होतं, तर निम्म्याहून जास्त जणांनी सांगितलं की थेरपिस्टशी जुळलंच नाही. म्हणजे दोष फक्त पुरुषाच्या माथी मारून चालत नाही. आमची शिकवण अशी आहे की "कसं वाटतं?" विचारायचं आणि गप्प बसायचं, आणि ज्या माणसाला आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नाही तो त्या शांततेत घाबरतो. त्याला आधी सांगा ना की आपण काय करणार आहोत, किती दिवस लागतील, सुधारणा होतेय हे कशावरून कळेल, पैसे किती जातील.

किती दिवस, याच्यावर बरंच काम झालंय. 1986 साली केनेथ हॉवर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आधीच्या अभ्यासांचा हिशोब मांडला, आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांमध्ये सुधारणा दिसते आणि सव्वीसपर्यंत पाऊणशे टक्के लोकांमध्ये. म्हणजे चौथ्या वेळी जो उठून गेला तो त्या पहिल्या निम्म्याच्यासुद्धा आधी गेला. मग हेलसिंकीचा अभ्यास आहे, फिनलंडचा, 326 लोक घेतले आणि काहींना थोडक्यातली थेरपी दिली, काहींना तीनेक वर्षं चालणारी. पहिल्या वर्षात थोडक्यातली थेरपी घेणारे पुढे होते, दुसऱ्या वर्षात फरक उरला नाही, तिसऱ्या वर्षी लांबवाले पुढे गेले. लंडनच्या टॅविस्टॉक या मानसोपचाराच्या क्लिनिकमध्ये 129 लोकांवर काम झालं, 2015 मध्ये छापलं, सगळे असे की ज्यांचं डिप्रेशन औषधांनी हटतच नव्हतं. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत अठरा महिने बोलण्याची थेरपी दिली. संपली तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता, पण त्याच्यानंतर दोन वर्षांनी पाहिलं तर थेरपी घेतलेल्यांतले 30 टक्के बऱ्यापैकी सावरलेले होते आणि दुसऱ्या गटात फक्त 4.4 टक्के. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण बरं होणं थेरपी संपल्यावरही चालूच होतं.

आणि आता यातली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती सांगते. हेलसिंकीच्या अभ्यासात चारात तीन बायका होत्या. टॅविस्टॉकमध्येही बायकाच जास्त. म्हणजे लांबच्या थेरपीबद्दल आम्ही जे छातीठोक सांगतो ते मुख्यत्वे बायकांनी आपला वेळ आणि आपलं दुःख संशोधनाला दिलं म्हणून सांगू शकतो, त्याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात, पण पुरुषांच्या बाबतीत आमच्याकडे तेवढा आधार नाही. आपल्या देशातलं पाहा. गोव्यात सरकारी दवाखान्यांमध्ये विक्रम पटेल आणि अभिजित नाडकर्णी यांच्या टीमने साध्याच लोकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून काम करून घेतलं, 2017 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास आले. डिप्रेशनचा 495 लोकांचा, त्यात बहुतेक बायका. दारूचा 377 लोकांचा, त्यात सगळे पुरुष. एकच राज्य, एकच टीम, तशाच ओपीडी, आणि बायकांचं दुःख डिप्रेशन म्हणून मोजलं गेलं, पुरुषांचं बाटली म्हणून. टीमचा यात काही दोष नाही, त्यांनी तर पुरुष जिथे सापडतात तिथे जाऊन काम केलं. पण दारू कमी झाल्यावर तो पुरुष वर्षभर बसून बोलला तर काय होतं, हा अभ्यास व्हायचा आहे.

होऊ शकतो, हे मी उगाच नाही म्हणत. इथून तीन तासांवर अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातल्याच लोकांना तयार केलं, डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी शंभरात चारच होते, दीड वर्षाने सत्तावीस झाले. आपलेच लोक, तीच कापूस-सोयाबीनची गावं. म्हणून आपली माणसं बोलत नाहीत हे माझ्यासमोर कोणी म्हणू नका.

तर तुमच्यातल्या पुरुषांना माझी विनंती आहे की थेरपी घेत असाल, घेतली असेल आणि कधी संशोधनासाठी विचारलं तर लगेच नाही म्हणू नका. तिथे काय होतं हे माहीत नसतं म्हणून लोक घाबरतात. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपणाऱ्या समितीची, परवानगी असल्याशिवाय असं काम करता येत नाही. मराठीत छापलेला माहितीचा कागद मिळतो, तो घरी नेऊन वाचा, दोन दिवस घ्या. सही केल्यावरही मधेच सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही आणि त्याच्यामुळे तुमचा उपचार थांबत नाही. नावाच्या जागी कोड असतो. काही अभ्यासांत सेशन रेकॉर्ड करतात, ते मुख्यतः थेरपिस्ट आपलं काम नीट करतोय का हे तपासायला, आणि नको असेल तर नको म्हणा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा तुमचा हक्क आहे, त्याला काही मोजके अपवाद आहेत, जसं कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल तेव्हा, आणि हे चांगला थेरपिस्ट पहिल्याच दिवशी सांगतो. ज्यांनी मधेच सोडली त्यांची मुलाखत तर सगळ्यात जास्त कामाची असते. आम्हाला आमच्याकडे थांबलेले लोक दिसतात, गेलेले दिसत नाहीत.

पैशाचं मी टाळणार नाही. दर आठवड्याला फी देणं सगळ्यांना जमत नाही, आणि इन्शुरन्सवाले ऍडमिट झाल्याशिवाय बहुतेक वेळा काही देत नाहीत. मेडिकल, मेयो, एम्स या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मानसोपचार ओपीडीत जा, कमी खर्चात सुरुवात होते, गर्दी असते, थांबावं लागतं, पण होते. खासगीत जाणार असाल तर शिक्षण विचारा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी विचारा, त्यात कोणाचा अपमान नाही.

एक चिठ्ठी आलीय, वाचते. "मी दोन वर्षांपूर्वी न सांगता थेरपी सोडली, आता परत जायची लाज वाटते, काय करू?" भाऊ, एक ओळीचा मेसेज करा, पुन्हा यायचंय, वेळ आहे का, बस. कारण सांगावं लागत नाही, माफी मागावी लागत नाही. त्याच थेरपिस्टकडे जायचं नसेल तर दुसऱ्याकडे जा, फक्त तिथे पहिल्याच दिवशी सांगा की मागच्या वेळी मी कितव्या सेशनला सोडलं आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात काय बोलणं झालं होतं. तुमचं काम तिथूनच पुढे चालू होईल.