आतडं सैल सोडायलाही सिग्नल लागतो

सदाशिव पेठ, संकष्टीची संध्याकाळ, चंद्रोदय झालाय आणि पानात वरणभात नि मोदक. घास तोंडात आहे तोवर तुमचं चालतं. एकदा गिळला की पुढचं सगळं आतल्या नसा बघून घेतात, तुम्हाला विचारत पण नाहीत.

आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात, आतला गोल नि बाहेरचा उभा, आणि दोघांच्या मधे नसांचं जाळं पसरलेलं असतं. मेंदूचं लक्ष असतंच, पण नसलं तरी फारसं अडत नाही. १८९९ मधे लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या नसा तोडून बघितल्या, तरी आतडं आपलं काम करतच होतं, आत काही आलं की मागचा भाग आवळायचा आणि पुढचा सैल पडायचा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला असतं ना तसंच, मागे ढोल कितीही घुमूदेत, पुढचं मंडळ सरकल्याशिवाय गणपती हलत नाही.

आवळायचं काम मुख्यतः असिटिलकोलीन नावाच्या केमिकलचं. नसेच्या टोकातून सुटतं, स्नायूच्या पेशीवर चिकटतं, पेशीत कॅल्शियम वाढतं, झालं. फार्मसीवाल्यांना हे प्रॅक्टिकलमुळे पाठ असतं, कोंबडीच्या आतड्याचा तुकडा कोमट द्रावणात टांगायचा, असिटिलकोलीन टाकलं की तुकड्याला जोडलेला दांडा वर जातो, आणि आधी अ‍ॅट्रोपीन (असिटिलकोलीनला अडवणारं औषध) टाकलेलं असेल तर ढिम्म.

(रील्सवाले सेरोटोनिन सेरोटोनिन करत असतात, ते केमिकल पण इथे आहे, शरीरातलं साधारण ९० टक्के पोटातच असतं, पण तिथे त्याचं मोठं काम म्हणजे अन्न आलंय ही वर्दी नसांना देणं. मूड वगैरे वेगळा विषय.)

मला विचाराल तर खरी गंमत सैल पडण्यात आहे. ६०च्या दशकात मेलबर्नला जेफ्री बर्नस्टॉक नावाचा माणूस गिनीपिगच्या आतड्याच्या पट्टीवर काम करत होता. असिटिलकोलीनही अडवलं, अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीचं पण अडवलं, आता नसेला करंट दिला तर काहीच व्हायला नको ना, तर पट्टी सैल पडली! म्हणजे तिसरंच काहीतरी सुटत होतं. १९७२ मधे तो सरळ म्हणाला, हे एटीपी आहे. लोकांनी उडवून लावलं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन, ते कोण बाहेर फेकेल? पुढे त्याचं म्हणणं मान्य झालं, आणि १९९०च्या आसपास अजून एक नाव पक्कं झालं, नायट्रिक ऑक्साइड. हा तर चक्क गॅस, साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हा तिथल्या तिथे बनतो.

हे सैल सोडणारं केमिकल नसलं तर काय होतं ते अकॅलेशियाच्या पेशंटला विचारा, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाशी नेमक्या याच नसा मेलेल्या असतात, तोंड उघडत नाही, पाणी सुद्धा छातीत अडकतं. काही बाळांमधे तर आतड्याच्या शेवटच्या भागात हे नसांचं जाळं जन्मतःच नसतं. हिर्शस्प्रंग म्हणतात त्याला. तेवढा भाग कायम आवळलेला राहतो आणि त्याच्या वरचं चांगलं आतडं फुगत जातं, मग ऑपरेशन करून तो तुकडा काढतात आणि वरचं आतडं खाली आणून जोडतात.