एका ऑर्डरच्या दोन पेट्या

नागपूर. कळमना बाजाराजवळच्या एका गल्लीतलं छोटं ऑफिस. दारात संत्र्यांच्या पेट्या, आत दोन कॉम्प्युटर. आंबिया बहाराचे दिवस, फोनला उसंत नाही. त्यातलाच एक फोन:

"ताई, पैसे एका पेटीचे भरले, घरी दोन आल्या. काहून जी?"

ताईंनी यादी पाहिली. ऑर्डरी दोन, नाव एकच, मध्ये अर्ध्या मिनिटाचं अंतर. बँकेत मात्र पैसे एकदाच जमा.

इथं ऑर्डर येते ती वेबहुकनं. ग्राहकाचे पैसे जमा झाले की पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, आपणहून यांच्या सर्व्हरला निरोप धाडतो. निरोप कधी आला, त्यावर काय काम झालं, उत्तर काय गेलं, हे एक्झिक्युशन लॉगमध्ये ओळीनं उतरतं.

ऑर्डर रात्री ९ वाजून १२ मिनिटांची. लॉगमध्ये २१:१२ ला काहीच नाही! इथं भलेभले चकतात. हा लॉग यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहिला जातो, आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं. म्हणजे शोधायचं १५:४२ ला.

आणि तिथं सापडलं.

१५:४२:०७, निरोप आला.
१५:४२:०८, ऑर्डर नोंदली.
१५:४२:२१, बिलाची पीडीएफ तयार.
१५:४२:२२, उत्तर २००.

२०० म्हणजे सगळं ठीक. मग १५:४२:३७ ला तोच निरोप पुन्हा कसा? इव्हेंट आयडी, म्हणजे निरोपाचा ओळख क्रमांकसुद्धा तोच, अक्षर न् अक्षर.

कोडं सुटलं ते गेटवेच्या बाजूचा लॉग उघडल्यावर. तिथं पहिल्या निरोपापुढं लिहिलं होतं: टाइमआउट, म्हणजे वेळेत उत्तर नाही. बिल बनेपर्यंत उत्तर अडून राहिलं, पंधरा सेकंद गेले, तितका वेळ गेटवे वाट पाहत थांबला नव्हता. त्यानं निरोप पुन्हा पाठवला. दोन्ही लॉग खरेच बोलत होते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, एकाच बाजूचा लॉग पाहून कुणावर ठपका ठेवू नका.

निरोप धाडणाऱ्या प्रत्येक सेवेची रीत वेगळी. प्रोग्रॅमचा कोड ठेवायची सेवा गिटहब उत्तरासाठी १० सेकंद थांबतं, आणि फसलेला निरोप आपणहून पुन्हा पाठवत नाही. पेमेंट सेवा स्ट्राइप तीन दिवसांपर्यंत पाठवत राहतं. उत्तरात २०० ऐवजी ४०४ दिसला तर निरोपाचा पत्ता तपासा, ४०१ असेल तर गुप्त की (पासवर्डसारखा कोड) किंवा डिजिटल सही, ५०० असेल तर आपलाच प्रोग्रॅम. आपल्या लॉगमध्ये ओळच नसेल, तर निरोप बहुधा दारापर्यंत आलाच नाही.

आणि एक, लॉगमध्ये ग्राहकाचा फोन नंबर, पत्ता उघडा ठेवू नये. चूक शोधायला इव्हेंट आयडी पुरतो.

ताईंच्या प्रोग्रॅममध्ये त्याच दुपारी दोन बदल झाले. निरोप आला की तो आधी जपून ठेवायचा, लगेच २०० द्यायचं, बिल मागाहून. आणि ऑर्डर नोंदण्याआधी तोच इव्हेंट आयडी येऊन गेलाय का, ते पाहायचं.

रात्री पुन्हा एक निरोप दोनदा आला. दुसऱ्यापुढं लॉगमध्ये ओळ उमटली: "आधीच नोंदलेली ऑर्डर, सोडली. उत्तर २००."

सकाळी पेटी एकच भरली गेली.