पाहुण्यांच्या गोलवर जल्लोष

(दृश्य: रिकाम्या स्टेडियममध्ये बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र सावकाश फिरतंय. त्याच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नाही.)

२६ मार्च २०१५. अमेरिकेतलं बफेलो, ईरी सरोवराच्या काठावरचं शहर. आईस हॉकीचा सामना रंगात आलाय. घरचा संघ बफेलो सेबर्स, पाहुणा अ‍ॅरिझोना कायोटीज. तीन-तीन बरोबरी. जादा वेळेत कायोटीजचा सॅम गॅनये पक, म्हणजे खेळाची चकती, जाळ्यात धाडतो. सामना संपला, सेबर्स हरले.

आणि बफेलोचे प्रेक्षक आनंदाने ओरडतात.

असं का झालं, हे समजायला ड्राफ्ट समजून घ्यावा लागतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकी लीगमध्ये नवे खेळाडू निवडताना, म्हणजे ड्राफ्टमध्ये, तळाच्या संघांना झुकतं माप मिळतं. पहिला नंबर लॉटरीनं ठरतो. त्या वर्षी शेवटच्या संघाची संधी सगळ्यात मोठी, २० टक्के. आणि लॉटरी हुकली, तरी दुसरी निवड पक्की. त्या जूनमध्ये दोन पोरं येणार होती: कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल. पिढीतून एखादाच निघतो असा मॅकडेव्हिड, आणि त्याच्या पाठोपाठ आयकल. म्हणजे शेवटून पहिलं यायचं, की दोघांतला एक आपलाच.

सेबर्सची मोडतोड आधीच सुरू झाली होती. गोलरक्षक रायन मिलर, २०१० च्या ऑलिम्पिकचा सर्वोत्तम खेळाडू, २०१४ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या संघाला दिला. त्याच्यानंतर गोल सांभाळणारे एनरॉथ आणि नॉयवर्ट, तेही या हंगामात महिन्याभराच्या आत दुसऱ्या संघांना दिले. टायलर मायर्ससारखा उंचापुरा बचावपटू विनिपेगला धाडला आणि बदल्यात इव्हँडर केन आणला. त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, तो त्या हंगामात खेळणारच नव्हता. याला संघबांधणी म्हणायचं.

(दृश्य: मंद गतीत, खेळाडू गुडघ्यांवर घसरत पकच्या आडवा जातो.)

हे दृश्य जरा थांबून बघा. पक म्हणजे कडक रबराची चकती, वजन दीडशे ग्रॅमच्या वर. ती सणसणत येते आणि हा माणूस स्वतःचं अंग तिच्या वाटेत घालतो. घोट्यावर बसली तर हाड मोडतं. पाऊण मिनिट जीव तोडून पळायचं, बाकावर येऊन श्वास घ्यायचा, पुन्हा बर्फावर उतरायचं. हरण्यासाठी कुणी असं करत नाही. हरण्याचा हिशेब वरच्या मजल्यावर मांडला जातो. खालच्यांना फक्त ज्यांच्याबरोबर जिंकणं कठीण, असे सोबती मिळतात.

त्या प्रेक्षकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. १९७० पासूनचा संघ, दोनदा अंतिम फेरीत जाऊनही स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, एकदाही नाही. त्यांना फक्त आशा हवी होती. पण आपल्याच घरात आपल्या पराभवावर टाळ्या पडताना बाकावर बसलेल्यांच्या पोटात काय कालवलं असेल, याचा विचार मनातून जात नाही.

हंगाम संपला: ८२ सामने, २३ विजय, ५४ गुण. कायोटीजपेक्षा दोन कमी. शेवटचा नंबर मिळाला. प्रशिक्षक टेड नोलन यांना घरी पाठवलं. आणि १८ एप्रिलला लॉटरी निघाली एडमंटनची, ज्यांची संधी होती अवघी साडेअकरा टक्के. मॅकडेव्हिड तिकडे गेला.

बफेलोला आयकल मिळाला. तो कर्णधारही झाला. पण विजय आले नाहीत. सलग हरणाऱ्या संघात तरुण पोरं येतात, हरण्यातच वाढतात आणि एक दिवस निघून जातात. सेबर्सचा रायन ओरायली सेंट लुईसला गेला आणि २०१९ मध्ये कप उचलला. आयकलनं २०२३ मध्ये व्हेगासकडून. २०११ मध्ये प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, खेळलेले सेबर्स त्यानंतर २०२५ पर्यंत सलग १४ हंगाम बाहेर राहिले. लीगमध्ये एवढा दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघानं पाहिला नव्हता.

(दृश्य: २०२४ चा जून. फ्लोरिडा, अंतिम फेरीचा सातवा सामना.)

समोर मॅकडेव्हिडचं एडमंटन. सामना एक-एक. निर्णायक गोल करतो सॅम राइनहार्ट, बफेलोनं २०१४ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला मुलगा. त्या बुडालेल्या हंगामात तो सेबर्सकडून नऊ सामने खेळला होता. आता अंगावर फ्लोरिडाची जर्सी आहे.