साहेबांचा फोन आणि न्यायालयाचा निकाल

श्रोतेहो, नमस्कार.

धुळ्यात मी ३७ वर्षे वकिली केली. त्या काळात पक्षकारांच्या तोंडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले, तर ते असे आहे: ‘वकीलसाहेब, आधी वरून एक फोन लावून पाहू का?’ सातबाऱ्यावरची नोंद अडली, शेतातला ट्रान्सफॉर्मर जळाला, मुलाची बदली होईना, की आपल्या खान्देशातला माणूस आधी भाऊंकडे, अण्णांकडे किंवा अप्पांकडे जातो आणि बहुतेक वेळा त्याचे काम होतेही. निवडून दिलेला माणूस आपल्यासाठी फोन उचलतो, यात मला वाईट काही दिसत नाही. मात्र हाच फोन एके दिवशी अतिदक्षता विभागात पोहोचला आणि तेव्हापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

शिरपूर तालुक्यातील एक वृद्ध शेतकरी, माझ्या जुन्या ओळखीचे, मेंदूत रक्तस्राव होऊन एका खासगी रुग्णालयात व्हेंटिलेटरवर होते. डॉक्टरांनी सुधारणेची आशा सोडली होती. हे गृहस्थ आजारी पडण्यापूर्वी घरात सर्वांना सांगत असत, ‘शेवटले माले घर लई चला,’ म्हणजे शेवटी मला घरी घेऊन चला. मुलीला आणि धाकट्या मुलाला त्यांचे म्हणणे पाळायचे होते; थोरल्या मुलाला ते मान्य नव्हते. त्याने एका लोकप्रतिनिधींना गाठले, त्यांनी रुग्णालयात फोन केला, आणि त्यानंतर यंत्र काढण्याचा विषय डॉक्टरांनी पुन्हा काढला नाही. मुलीने मला विचारले, ‘काका, बाबांचे ऐकायचे की आमदारांचे?’

त्या घरात प्रकरण न्यायालयापर्यंत गेलेच नव्हते, त्यामुळे आमदारांनी कोणताही निकाल मोडला असे म्हणता येणार नाही. आज मला त्यापुढचा प्रश्न घ्यायचा आहे. अशा रुग्णाबाबत न्यायालयाने पुरावे तपासून, सर्वांचे ऐकून निकाल दिला असेल, आणि जनतेने निवडून दिलेला मुख्यमंत्री किंवा मंत्री म्हणू लागला की माझी सद्सद्विवेकबुद्धी हा निकाल मानत नाही, मी तो अमलात येऊ देणार नाही, तर तसे करण्याचा अधिकार त्याला असावा का?

हा प्रश्न सर्वांत उघडपणे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात उभा राहिला. टेरी शायव्हो ही तरुणी फेब्रुवारी १९९० मध्ये घरात कोसळली, हृदय बंद पडल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि ती अशा अवस्थेत गेली की डोळे उघडे असत, पण जाणीव नसे. पोटात बसवलेल्या नळीतून तिला अन्न दिले जात होते. अशा अवस्थेत जगणे तिला नको होते, असे तिच्या पतीचे म्हणणे होते. आईवडिलांना ते मान्य नव्हते. न्यायाधीश जॉर्ज ग्रीअर यांनी साक्षीपुरावे नोंदवून २००० मध्ये निर्णय दिला की नळी काढावी अशीच टेरीची स्वतःची इच्छा असल्याचे सिद्ध होते. अपिले झाली, निकाल कायम राहिला. १५ ऑक्टोबर २००३ रोजी नळी काढली गेली, आणि सहाच दिवसांत राज्याच्या विधिमंडळाने केवळ या एका रुग्णासाठी कायदा करून गव्हर्नर, म्हणजे तिथले लोकांनी निवडून दिलेले राज्यप्रमुख, जेब बुश यांना ती पुन्हा बसवण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला. बुश यांनी त्याच दिवशी आदेश काढला. पुढे सप्टेंबर २००४ मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. न्यायालयाने दिलेला अंतिम निकाल कार्यपालिकेच्या हातून पुसून टाकण्याची सोय विधिमंडळाला करता येत नाही, असे त्यामागचे कारण होते.

१८ मार्च २००५ रोजी नळी पुन्हा काढली गेली. मग अमेरिकेच्या काँग्रेसने रविवारी रात्री बैठक घेऊन हे प्रकरण संघीय न्यायालयांपुढे नेता यावे असा कायदा केला आणि राष्ट्राध्यक्ष, म्हणजे गव्हर्नरांचे थोरले बंधू, सुट्टीवरून राजधानीत परतले व मध्यरात्रीनंतर त्यांनी त्यावर स्वाक्षरी केली. तरीही संघीय न्यायालयांनी नळी बसवण्याचा आदेश दिला नाही. त्या शेवटच्या दिवसांत गव्हर्नरांवर उघड दबाव होता की पोलीस पाठवा, रुग्णाला ताब्यात घ्या, न्यायाधीशाला काय करायचे ते करू द्या. राज्याच्या खात्याने तिला ताब्यात घेण्याची परवानगी मागितली. न्यायाधीश ग्रीअर यांनी मनाई हुकूम दिला. आणि जेब बुश तिथे थांबले. राज्यघटनेने दिलेल्या अधिकारापलीकडे मला जाता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. आपल्याच पक्षातल्या अनेकांचा रोष त्यांनी त्यासाठी पत्करला. ३१ मार्च रोजी टेरीचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात तिच्या मेंदूचे वजन ६१५ ग्रॅम भरले, म्हणजे अपेक्षित वजनाच्या साधारण निम्मे.

चार वर्षांनी इटलीत जवळजवळ हेच घडले. १९९२ च्या मोटार अपघातानंतर १७ वर्षे अचेतन असलेल्या एलुआना एंग्लारो हिच्या वडिलांना न्यायालयाने नळी काढण्याची परवानगी दिली, तेव्हा पंतप्रधान बर्लुस्कोनी यांच्या मंत्रिमंडळाने ६ फेब्रुवारी २००९ रोजी ती रोखण्यासाठी तातडीचा हुकूमनामा तयार केला. राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. तीन दिवसांनी, सिनेटमध्ये त्याच विषयावर चर्चा चालू असताना, एलुआना गेली.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, कारण ते हलके नाही. जमिनीच्या दाव्यात निकाल चुकला तर दहा वर्षांनी जमीन परत मिळू शकते. इथे निकाल अमलात आला की दुरुस्तीला जागाच उरत नाही. न्यायाधीश निवडून आलेला नसतो, मंत्र्याला मात्र लोकांसमोर जावे लागते. शिवाय न्यायालये चुकतात, आणि भयंकर चुकतात: २८ एप्रिल १९७६ रोजी आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने आणीबाणीत नागरिकाला बेकायदा अटकेविरुद्ध दादही मागता येणार नाही असा निकाल दिला होता, आणि पाचांपैकी फक्त न्यायमूर्ती खन्ना वेगळे राहिले होते. तेव्हा जीव वाचवण्याच्या बाजूने, केवळ त्याच बाजूने, कार्यपालिकेला न्यायालयाचा हात धरता आला तर बिघडले कुठे? फाशीच्या कैद्याला राष्ट्रपती आणि राज्यपाल अनुच्छेद ७२ आणि १६१ खाली माफी देतातच ना?

माफीचा हा दाखला मला बरीच वर्षे बिनतोड वाटत असे. मग त्या शिरपूरच्या मुलीचा प्रश्न आठवला आणि दाखल्यातली गफलत दिसली. फाशी देते ते सरकार. माफी देताना सरकार स्वतःचाच दंडाचा अधिकार सोडून देते, त्यात दुसऱ्या कोणाचे काही हिरावले जात नाही. रुग्णाच्या खाटेशी मात्र सरकारचा असा कोणताही अधिकार पणाला लागलेला नसतो. तिथे अधिकार असतो रुग्णाचा: माझ्या अंगात कोणती नळी घालावी आणि कोणती घालू नये हे ठरवण्याचा. न्यायालयाने पुराव्यावरून रुग्णाची इच्छा काय होती हे शोधून काढल्यावर मंत्री जेव्हा आडवा येतो, तेव्हा आपण जीव वाचवतो आहोत असे त्याला वाटत असले, तरी प्रत्यक्षात तो दुसऱ्याचा अधिकार आपल्या हातात घेत असतो. कैद्याने माफी मागितलेली असते. या रुग्णाने मंत्र्याकडे काहीच मागितलेले नसते.

निवडून येण्याबद्दलही तेच म्हणता येईल. लोकांनी मते दिली ती रस्ते, पाणी, कापसाचा भाव यांवर. अमुक रुग्णाने काय म्हटले होते हे मतपेटीला विचारलेले नव्हते, आणि मंत्र्याने त्या साक्षीदारांना पाहिलेलेही नसते. शायव्हो प्रकरणात तर त्या वेळच्या जनमत चाचण्यांत बहुसंख्य अमेरिकन नागरिकांनी राजकारण्यांच्या हस्तक्षेपाबद्दल नापसंतीच दर्शवली होती. आणि १९७६ चा निकाल? तिथे न्यायालय चुकले ते सरकारपुढे नमून चुकले, हे विसरू नये. त्या उदाहरणावरून सरकारला आणखी अधिकार द्यावेत असा निष्कर्ष काढणे मला तरी जमत नाही.

मग निकाल चुकीचा वाटला तर काय करावे? याचे उत्तर आपल्याच भागातील अनेक श्रोत्यांना ठाऊक आहे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचे संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मृत्यूला सामोरे जाण्याचे, व्रत बेकायदा ठरवून त्याबाबत गुन्हे नोंदवण्यास सांगितले. जळगाव, धुळे, अमळनेर येथे जैन समाज मोठा आहे. हा निकाल त्यांच्या किती वर्मी लागला हे मी जवळून पाहिले आहे. देशभर मूक मोर्चे निघाले, सर्वोच्च न्यायालयात अपील झाले, आणि ३१ ऑगस्टला, म्हणजे तीन आठवड्यांत, निकालाला स्थगिती मिळाली. मृत्यूशी संबंधित निकाल दुरुस्त होण्याआधीच सारे संपून जाते, ही भीती खरी असली, तरी स्थगिती याच भीतीवरचा उपाय आहे आणि ती मागण्याचा मार्ग सरकारलाही तितकाच मोकळा आहे. सरकारने अपील करावे, पुनर्विलोकन मागावे, सर्वांना लागू होईल असा कायदा संसदेत आणावा. इतके करूनही ज्याच्या मनाला निकाल पटत नाही, त्या मंत्र्याने राजीनामा द्यावा. तो सद्सद्विवेकबुद्धीचा खरा खर्च आहे. खुर्चीवर बसून निकाल न मानणे फार स्वस्त पडते.

तेही नेहमी स्वस्त पडत नाही, हे खान्देशाला वेगळे सांगायला नको. नवापूरचे सुरूपसिंग नाईक राज्याचे वनमंत्री असताना सॉ मिलना परवानगी देण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डावलला गेला. मे २००६ मध्ये त्यांना आणि वनखात्याच्या प्रधान सचिवांना अवमानाबद्दल प्रत्येकी एक महिन्याची कैद झाली. विषय लाकडाचा होता, माणसाच्या श्वासाचा नव्हता. पण अनुच्छेद १४४ मध्ये सर्व मुलकी आणि न्यायिक अधिकाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करावे असे लिहिले आहे, आणि त्यात लाकूड व श्वास असा भेद केलेला नाही.

तरीही आपल्याकडे मला उघड बंडाची धास्ती कमी वाटते. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तेव्हा कोणत्याही मुख्यमंत्र्याने ‘मी हे मानत नाही’ अशी गर्जना केली नाही. त्याआधी ७ मार्च २०११ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात अनेक दशके अचेतन अवस्थेत असलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण त्यांच्या बाबतीत परवानगी नाकारली. त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे मानले. तोही निकाल सर्वांनी पाळला. आपल्याकडचे न ऐकणे वेगळ्या प्रकारचे आहे. ते फाइलीत असते.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची पद्धत सोपी केली. सुजाण प्रौढ व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर आपले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे आपल्यावर कोणते उपचार नकोत हे सांगणारा लेख, करावे, ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित करावे, त्याची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाकडे, म्हणजे ती जपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, द्यावी. वेळ आली की रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे मंडळ आणि मग दुसरे मंडळ, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला असतो, शक्यतो ४८ तासांत मत देतात. निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवला जातो. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात जाता येते, आपल्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात. यातल्या प्रत्येक कडीला कार्यपालिकेचा एखादा माणूस लागतो. अभिरक्षक नेमला नाही, डॉक्टरचे नाव कळवले नाही, परिपत्रक टेबलावर पडून राहिले, तर कोणीही आवाज न चढवता निकाल निकामी होतो. महाराष्ट्रात अभिरक्षकांच्या नेमणुकीसाठी मुंबईच्या एका डॉक्टरांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. या टाळाटाळीबद्दल अवमानाची कारवाई कोणावर करायची? फ्लोरिडाच्या गव्हर्नरांचे निदान नाव तरी ठाऊक होते.

मी स्वतःचे इच्छापत्र केले आहे. मुलाने आधी विरोध केला, मग साक्षीदार म्हणून सही केली. नोटरीचा शिक्का घेऊन प्रत द्यायला एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कार्यालयात गेलो. अभिरक्षक कोण, हे तिथे कोणाला सांगता येईना. आवक विभागातील तरुण लिपिकाने कागद दोनदा वाचला, मला बसायला खुर्ची दिली, आणि अगदी आपुलकीने विचारले, ‘काका, साहेबांना फोन करून आला होतात का?’ नाही म्हटल्यावर त्याने पोच दिली. आवक नोंदवहीत विषयाच्या रकान्यापाशी त्याचे पेन बराच वेळ थांबले, आणि मग त्याने लिहिले: ‘इतर’.