सडक्या अंड्यांचा वास आणि समुद्राचा तळ

नमस्कार मंडळी! आज जायचंय समुद्रात अडीच किलोमीटर खाली, जिथे ऊन कधीच पोचत नाही. आणि त्यासाठी मला फेब्रुवारी 1977 चा किस्सा सांगायचाय, कितीदा सांगितला तरी माझं मन भरत नाही.

गॅलापागोस बेटांजवळ काही शास्त्रज्ञ समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे शोधायला गेलेले, सगळे भूगर्भ नाहीतर रसायनवाले, जीवशास्त्रज्ञ एकसुद्धा नाही, कारण तिथे जगणार कोण असंच सगळे धरून चालले होते. आधी केबलला बांधलेला कॅमेरा तळावरून ओढला, मध्येच क्षणभर तापमान वाढलं, आणि फिल्म धुतली तर जवळपास 3000 फोटोंत नुसता काळा लाव्हा, फक्त 13 फोटोंत, बरोब्बर त्या तापमान वाढलेल्या जागी, पांढरे शिंपले, शेकड्यांनी! मग अल्विन पाणबुडीतून तिघं खाली गेले. त्यातल्या जॅक कॉर्लिसने फोनवरून वर जहाजावरच्या डेब्रा स्टेक्स या विद्यार्थिनीला विचारलं, खोल समुद्र वाळवंटासारखा असतो ना गं? मग इथे एवढे प्राणी कसे? प्राणी वर आणले तर टिकवायला फॉर्मॅलिन पुरेना, शेवटी काही पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवले. आणि पाण्याचे नमुने उघडले तर सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की खिडक्या उघडाव्या लागल्या.

तो वास लक्षात ठेवा, सगळं उत्तर त्या वासातच आहे. हायड्रोजन सल्फाइड. आपल्याला विष, पण तिथले जिवाणू उन्हाऐवजी त्याच्याच जोरावर अन्न बनवतात. तिथला ट्यूबवर्म, म्हणजे नळीत राहणारा लांब किडा, दोन मीटर वाढतो, त्याला तोंड नाही, पोट नाही, लाल पिसाऱ्याने सल्फाइड आणि ऑक्सिजन दोन्ही घ्यायचे आणि आतल्या जिवाणूंना पोचवायचे, बस. हे कोडं सोडवायला सुरुवात केली कोलीन कॅव्हॅनॉ या विद्यार्थिनीने, भर लेक्चरमध्ये उभी राहून बोलली ती. शिक्षकांनो, मुलांना मध्येच बोलू द्या हो, पोर्शन होईल नंतर.

बरं, काही झऱ्यांतलं पाणी 350 अंशांच्याही वर जातं, तरी उकळत नाही, का? प्रेशर. आपल्या कुकरचंच तत्त्व, फक्त दाब आपल्या हवेच्या दाबाच्या अडीचशे पट. आणि हातभर बाजूला पाणी 2 अंश! म्हणजे जवळ गेलं तर शिजायचं, लांब गेलं तर उपाशी मरायचं, जगायला मधली चिंचोळी पट्टी तेवढी. पुन्हा सांगते, मधली पट्टी. त्यात झरा कधी बंद पडेल नेम नाही, बंद पडला की वस्ती संपली, म्हणून वाढायची घाई केवढी, ट्यूबवर्म वर्षात 85 सेंटिमीटरहून जास्त वाढू शकतो.

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनीही, त्यात गोव्यातल्या संस्थेचे लोक होते, हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोल असाच जिवंत झरा कॅमेऱ्यात टिपला. तो फोटो मिळवा आणि घरातल्या पोरांना दाखवाच. नमस्कार.