आत्याच्या गिरणीतला डबा

श्रोतेहो, नमस्कार. आज हिशेबावर बोलायचंय. कागद-पेन्सिल शोधत बसू नका, हातातलं काम चालू राहू दे. फक्त एक वाक्य ध्यानात ठेवा: गल्ला म्हणजे नफा नव्हे.

खानापूर रस्त्यावरच्या एका गावात आमच्या आत्याची पिठाची गिरण होती. दहा हॉर्सपॉवरची मोटर, लांब पट्टा, आणि दिवसभर पीठ उडून उडून पांढऱ्या झालेल्या आत्याच्या भुवया. गल्ला म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. गिऱ्हाईक निम्मं मराठी, निम्मं कानडी, पण हिशेबाला भाषेची अडचण कधी आली नाही. जमा, खर्च, बाकी हे शब्द दोघांचेही. उधारीला तर आपल्याकडे मराठी माणूसही सरळ उद्रीच म्हणतो.

गोष्ट 1994 सालची. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. डोक्यात नवी नवी विद्या भरलेली, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गेल्या गेल्या विचारलं, "आत्या, रोजचे किती सुटतात?"

आत्या म्हणाली, "तीनशे."

मी पाच दिवस वही घेऊन पोत्यावर बसलो. पहिल्या दिवशी आले 150. मग 160, 170, 180. पाचव्या दिवशी भाजणी आणि अनारशांच्या पिठासाठी अख्खं गाव लोटलं. रात्री नऊपर्यंत गिरण चालली आणि डब्यात पडले 840. बेरीज 1500. भागिले पाच, तीनशे. आत्याचा आकडा बरोबर! पण तीनशे रुपये त्या पाचांतल्या एकाही दिवशी आले नव्हते. याला सरासरी म्हणतात. एका दिवाळीने ती वर चढते. तेच पाच आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि मधला उचला: 170. हा मध्यक. रोजचा खर्च ठरवायचा तर या 170 कडे बघून ठरवायचा, तीनशेकडे बघून नाही.

आणि हे 170 तरी सुटतात कुठे? त्यातून लाइटबिल जायचं, दगडाला टाकी लावणाऱ्याची मजुरी जायची, पट्टा तुटला की त्याचे पैसे जायचे. आत्या दिवसभर उभी राहायची त्याचा पगार तर कुणी धरतच नव्हतं. म्हणून पुन्हा सांगतो, गल्ला म्हणजे नफा नव्हे.

(हल्ली पाकिटातलं पीठ आणतात. त्या पिठाची भाकरी थापून दाखवा मला. असो.)

मी हे सगळं आत्याला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या हातात केरसुणी दिली. "खाली सांडलंय ते गोळा कर. म्हशीवाला नेतो, त्याचे पैसे तुझ्या वहीत न्हाईत." खरंच नव्हते. दोन वर्षं कॉमर्स शिकून उत्पन्नाची एक बाजू माझ्या नजरेतून सुटली होती.

पण आत्याच्या नजरेतूनही एक सुटली होती. मार्चमध्ये मोटर जळाली. व्होल्टेज कमी-जास्त व्हायचं, ते आपल्याकडे नवीन नाही. मिस्त्री म्हणाला, वायंडिंग करून भागणार नाही, नवीनच घ्या. नवी मोटर 12,000 रुपये. डब्यात दोन हजार. बाकीचे तर मुलीच्या लग्नात, मांडव आणि बँडवर. (बँडवाले दोन तास वाजवून गेले, त्यात कुणाला एक गाणं ओळखू आलं असेल तर शपथ!) गिऱ्हाईक शेजारच्या गावच्या गिरणीकडे वळायला लागलं, म्हणून आत्याने घाईने 10,000 उचलले, शेकडा तीनने.

शेकडा तीन जिभेला हलकं वाटतं. पण तो महिन्याचा दर. बँक सांगते वर्षाचा, सावकार सांगतो महिन्याचा. तीनाला बाराने गुणा, वर्षाचे 36 टक्के. दहा हजारांवर महिन्याला 300 रुपये नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथेच.

आता दुसऱ्या बाजूने बघा. 12,000 ची मोटर दहा वर्षं चालते असं धरलं तर वर्षाला 1,200, महिन्याला शंभर रुपयांची मोटर झिजते. पैसे हातातून जात नाहीत, म्हणून दिसत नाही, पण झिजते. हिशेबात याला घसारा म्हणतात. तेवढे महिन्याचे शंभर वेगळे पडले असते, तर महिन्याचे तीनशे बसले नसते. घसारा, लक्षात ठेवा. शिलाई मशीनला आहे, रिक्षाला आहे, वडगावच्या विणकराच्या मागालाही आहे.

वेळ संपत आली, ताळेबंद राहिलाच. एवढं मात्र सांगतो. आत्याने पुढे पिग्मी सुरू केली, म्हणजे रोज माणूस दारात येऊन थोडे थोडे पैसे नेतो ती ठेव. ही पिग्मी आपल्याच कर्नाटकातली, 1928 मध्ये उडुपीला डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने काढली, दिवसाला दोन आण्यांपासून. तुमच्या दारात पिग्मीवाला येत असेल, तर तो बँकेचा की सोसायटीचा, एवढं विचारून घ्या. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्था आणि सौहार्द सोसायटी (कर्नाटकातली एक प्रकारची सहकारी संस्थाच) यांच्या ठेवीला तो विमा नाही. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतं म्हणून धावण्याआधी हे माहीत असावं.

पिग्मीचा माणूस संध्याकाळी यायचा, तोवर ते पैसे एका निराळ्या डब्यात असत. एकदा माझ्या सायकलचं टायर गेलं, म्हणून मी त्यातले वीस मागितले. आत्याने डबा उचलून फळीवर ठेवला. म्हणाली, "त्यो माझा न्हवं रं, त्यो मोटरीचा हाय."

सायकल बेळगावपर्यंत ढकलत आणली मी. नमस्कार.