पाठवणीची शेवटची वीस मिनिटे

श्रोतेहो, नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर, लग्नाच्या अल्बमशेजारी, एक चपटे प्लास्टिकचे खोके असते. त्यात एखाद-दुसरी डीव्हीडी असते, तिच्यावर वधूवरांचा फोटो छापलेला कागद चिकटवलेला असतो आणि खाली कुठल्याशा स्टुडिओचा, एव्हाना बहुधा बंद पडलेला, दूरध्वनी क्रमांक असतो. व्हिडिओ कॅसेट मागे पडल्यापासून पेनड्राइव्ह हाती येईपर्यंतच्या काळातली आपली लग्ने, बारशी, एकसष्टी समारंभ, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुका, कडोली, उचगाव, येळ्ळूर येथील साहित्य संमेलनांतली भाषणे, असे बरेच काही याच चकत्यांवर साठवलेले आहे. या डीव्हीडींची प्रत घरच्या संगणकावर कशी काढून ठेवावी आणि सुरुवात कुठून करावी, याविषयी मी आज बोलणार आहे.

सुरुवात घरगुती चित्रणापासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बाजारात विकत मिळालेल्या चित्रपटाच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. आत्याच्या एकसष्टीची प्रत एकच असते. शिवाय विकतच्या बहुतेक चित्रपटांच्या डीव्हीडींवर नक्कल रोखणारे कुलूप असते, आणि हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात गुन्हा ठरतो. स्टुडिओवाल्याने आपल्यासाठी तयार करून दिलेल्या डीव्हीडीवर सहसा असले काही नसते. म्हणून चित्रपटांचा विषय मी येथेच सोडतो.

आता ही चकती मुळात कशी असते ते पाहू. डीव्हीडी प्रथम १९९६ साली जपानमध्ये विक्रीस आली. ती १२ सेंटिमीटर व्यासाची आणि १.२ मिलिमीटर जाडीची असते. मात्र ती एकसंध नसून ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवून ती बनवलेली असते आणि माहितीचा थर त्या दोहोंच्या मध्ये दडलेला असतो. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीत माहितीचे खळगे साच्यानेच उमटवलेले असतात. स्टुडिओत लिहिलेल्या डीव्हीडीत मात्र सेंद्रिय रंगाचा एक थर असतो आणि लेसर किरण त्यावर खुणा जाळत जातो. हा रंग ऊन, उष्णता आणि काळ यांनी हळूहळू बिघडतो. त्यात कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना दमट कपाटाचे वर्णन मी वेगळे सांगायला नको.

डीव्हीडीवरचे लेखन मधल्या भोकाजवळून सुरू होते आणि नागमोडी नव्हे तर गोगलगाईच्या शंखासारखे फिरत बाहेरच्या कडेकडे जाते. म्हणजे हळद आणि देवक आतल्या बाजूला, अक्षता मध्यावर, पंगती त्याच्या पुढे, आणि चकती पूर्ण भरलेली असेल तर पाठवणी अगदी कडेला. आपण चकती धरतो ती कडेला, बोटांचे ठसे उमटतात ते कडेला, आणि चिकटवलेल्या दोन चकत्यांच्या सांध्यात ओल शिरते तीही कडेनेच. त्यामुळे लग्नाच्या डीव्हीडीतून पाठवणी आधी जाते.

हे मला माझ्याच घरी कळले. धाकट्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी बऱ्याच वर्षांनी लावली, तेव्हा एक तास पन्नास मिनिटांपर्यंत सारे सुरळीत चालले आणि मग चित्राचे चौकोनी तुकडे होऊन ते थबकले. पुढची वीस मिनिटे उघडेनात. वडील लग्नानंतर दोनच वर्षांत गेले होते, आणि ते त्या शेवटच्या वीस मिनिटांत होते.

म्हणून आपली चकती आज ठीक चालत असली तरी काम लांबणीवर टाकू नये. सामग्री फार लागत नाही. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबी वायरने जोडण्याचा बाहेरचा ड्राइव्ह संगणकाच्या दुकानात मिळतो. टेबलावरच्या संगणकाला तो जोडताना पुढच्या नव्हे, तर मागच्या बाजूच्या यूएसबी खाचेत जोडावा, कारण वीज कमी पडली की असे ड्राइव्ह मध्येच अडखळतात.

चकती आधी पुसून घ्यावी. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा यासाठी उत्तम. पुसण्याची दिशा मात्र महत्त्वाची आहे: भोकापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल पुसू नये. भोकापासून कडेकडे गेलेला ओरखडा लेखनाच्या प्रत्येक फेऱ्यातली थोडीशीच माहिती खातो आणि तेवढी चूक भरून काढण्याची सोय लेखनातच केलेली असते. फेऱ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग माहिती खातो, आणि ती भरून निघत नाही. डाग हट्टी असेल तर साबणाचे सौम्य पाणी वापरावे; रॉकेल किंवा थिनर कधीही नाही. वर चिकटवलेल्या फोटोच्या कागदाचे कोपरे सुटले असतील, तर चकती फिरताना डुगडुगते. सुटलेला भाग तेवढा कात्रीने कापावा, कागद ओढून काढू नये. जुन्या व्हिडिओ सीडीच्या बाबतीत तर हे अधिकच जपावे, कारण सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो आणि कागदाबरोबर तोही सोलून निघतो.

चकती आत घालून फोल्डर उघडले की ‘व्हिडिओ टीएस’ आणि ‘ऑडिओ टीएस’ असे दोन फोल्डर दिसतात. दुसरा रिकामा असतो. आवाज उडाला, असे समजून माझ्याकडे चकती घेऊन धावत आलेले दोन गृहस्थ मला आठवतात. तसे काही झालेले नसते. चित्र आणि आवाज दोन्ही पहिल्याच फोल्डरमधल्या व्हीओबी फायलींत एकत्र असतात, आणि त्या प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या तुकड्यांत विभागलेल्या असतात.

पुष्कळजण या फायली थेट मोबाइलसाठी लहान करायला घेतात. तसे करू नये. आधी संपूर्ण चकतीची जशीच्या तशी एक प्रत, म्हणजे आयएसओ फाइल, काढून घ्यावी. विंडोजवर ‘इमगबर्न’ हा मोफत प्रोग्राम हे काम करतो. वाचनाचा वेग चारपटच ठेवावा; जुनी चकती वेगाने फिरवण्यात काही मिळवायचे नसते, आणि त्या वेगानेही भरलेली डीव्हीडी चौदा-पंधरा मिनिटांत वाचून होते. खोक्यावर ४.७ जीबी लिहिलेले असताना संगणक ४.३८ दाखवतो म्हणून घाबरू नये: कारखाना हजाराने मोजतो, विंडोज एक हजार चोवीसने, एवढाच तो हिशेब.

कॅमेऱ्याच्या छोट्या ८ सेंटिमीटरच्या चकत्यांबाबत एक सावधगिरी. कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ न केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता येईल अशी पूर्ण न केलेली, चकती संगणकाला कोरी वाटते आणि तो ती वापरण्यासाठी तयार करू का, असे विचारतो. तेव्हा ‘नाही’ म्हणावे, आणि ते राहिलेले काम करण्यासाठी मूळ कॅमेरा कोणाच्या तरी घरी चालू स्थितीत आहे का याचा शोध घ्यावा.

वाचन मध्येच अडले, तर तीच चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी. प्रत्येक ड्राइव्हची नजर निराळी असते. बहिणीच्या लग्नासाठी मी शेवटी लिनक्सवरच्या, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या एका मोफत प्रणालीवरच्या, ‘डीडीरेस्क्यू’ या प्रोग्रामकडे वळलो. तो चांगला भाग आधी उचलतो, खराब जागांची नोंद एका वेगळ्या फायलीत ठेवतो आणि मग त्याच जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ती नोंद हाताशी असली, तर राहिलेले काम दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे नेता येते. शेजाऱ्यांच्या अडगळीतल्या संगणकाचा जुना ड्राइव्ह मागून आणला आणि रात्रभर यंत्र चालू ठेवले. सकाळी वीस मिनिटांपैकी काही सेकंद सोडून सारे परत आले होते. वडील मोटारीच्या काचेवर हात ठेवतात, तेथे चित्र क्षणभर थिजते आणि पुन्हा चालू लागते. (डीडीरेस्क्यूच्या आज्ञा टंकणे माझ्यासारख्याला जड गेले, हे कबूल करतो, भाच्याला बसवावे लागले.)

आयएसओ तयार झाली की ‘व्हीएलसी’ प्लेअरमध्ये ती उघडून पाहावी, आणि पाहायची ती शेवटाकडून. त्यानंतर मोबाइलसाठी ‘हँडब्रेक’ या प्रोग्रामने एमपी-४ करावी. आपल्याकडची चित्रणे बहुधा पाल या जुन्या दूरदर्शन-चित्र पद्धतीची, ७२० गुणिले ५७६ बिंदूंची असतात. हलत्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा. चित्राचे माप मात्र वाढवू नये. जे टिपलेच गेले नाही, ते माप वाढवून येत नाही.

आयएसओ पेनड्राइव्हवर जात नाही, जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ अशी सूचना येते, अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. फॅट-३२ या फायली मांडण्याच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, हे त्याचे कारण. आतले सारे अन्यत्र उतरवून घेऊन तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा.

फायलीचे नाव वर्षाच्या आकड्याने सुरू करावे: ‘२००६ लग्न खानापूर’ असे. आपली नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी शाळेत जातात आणि काहींना मराठी वाचायला वेळ लागतो. पण वर्षाप्रमाणे लावलेली यादी असली की त्यांनाही त्यातून वाट काढता येते. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर अशा दोनशे चकत्या मावतात, तेव्हा जागेची चिंता नाही. मात्र अशा दोन डिस्क असाव्यात आणि त्या एका छपराखाली नसाव्यात. मूळ चकत्याही टाकून देऊ नयेत.

माझी दुसरी डिस्क बहिणीकडे गडहिंग्लजला असते. दिवाळीला ती माहेरी येते, तेव्हा फराळाच्या डब्यांबरोबर ती डिस्क पिशवीतून येते, वर्षभरात उतरवलेल्या फायली तीत भरल्या जातात, एक-दोन उघडून पाहिल्या जातात, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती परत जाते. नमस्कार.